जाळीच्या खोलीत, झाडाझुडपांत जमिनीवर बटेर सोडायचे असतील तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की सासवडच्या बाजूला घरामागे १० बाय २० फुटांची, ७ फूट उंचीची जाळीची एव्हिअरी (पक्ष्यांची खोली) बांधून झालीय, वर फिंच (चिमणीएवढे पाळीव पक्षी) आहेत, खाली जमीन मोकळीच आहे, तर तिथे झाडं लावून ४० जपानी बटेर (क्वेल, आपल्या लाव्याचे भाऊबंद) सोडायचेत, घरच्यापुरती अंडी मिळावीत आणि जमलं तर माद्यांनी स्वतःच बसून पिल्लं काढावीत. आणि जाता जाता पावसाळ्याचं विचारलंय. मी उत्तर उलट्या बाजूने देतो, कारण जमिनीवरचे बटेर ज्या गोष्टीने मरतात ती तुमच्या प्रश्नात सगळ्यात शेवटी आलीय.

ती म्हणजे ओल. बघा, कोंबडी रात्री कुठेतरी उंचावर चढून बसते, बटेर बसत नाही. त्याचं खाणं, झोपणं, अंडी घालणं, अंघोळ सगळं जमिनीवरच, म्हणजे जमीन ओली असली की तो चोवीस तास ओलीतच आहे. कोरडी थंडी त्याला काही करत नाही, डिसेंबरात तुमच्या पुरंदर तालुक्यातली पहाटेची थंडी मोठे बटेर आरामात काढतात, फक्त वारा अडवलेला पाहिजे. पण ओली जमीन, ओली पिसं आणि वर वारा हे तीन एकत्र आले की दोन दिवसांत पक्षी पिसं फुलवून डोळे मिटून कोपऱ्यात बसायला लागतात. त्यात जमीन काळी असेल तर अजून एक भानगड होते. ती माती पायाच्या बोटांना चिकटते, वाळते, त्यावर परत विष्ठा आणि माती बसते आणि काही दिवसांत प्रत्येक बोटाच्या टोकाला वाटाण्याएवढी टणक गोळी तयार होते. पक्षी टाचांवर चालल्यासारखा दिसतो. लोक ती गोळी नखाने ओढून काढतात आणि गोळीबरोबर नखच उपटून येतं, कधी बोटाचं टोक सुद्धा. तसं करू नका, कोमट पाण्याच्या वाटीत पाय धरून ठेवा, चांगली पाचेक मिनिटं, मग ती आपोआप विरघळते, आणि उरलेली बोटांनी चोळून निघते. पाय कोरडा करूनच परत सोडायचा.

त्यामुळे झाडं आणायच्या आधी जमीन करा. वरची फूटभर माती काढून टाका, काळी असेल तर काढाच. खाली जाळी (ती का ते पुढे सांगतो), त्यावर चांगला सहा इंच मुरूम चोपून, त्याला एका बाजूला उतार, आणि मग वर पोयटा आणि जाडी वाळू मिसळून सहा इंच. पाणी ज्या बाजूला उतरेल तिकडे जाळीबाहेर चर. छपराचं विचाराल तर अर्ध्या भागावर पत्रा पाहिजेच, २० फुटातले १० फूट. आणि पागोळ्या जाळीच्या आत पडता कामा नयेत, पत्रा दीड-दोन फूट बाहेर काढा नाहीतर पन्हाळ लावा. आपल्याकडे पाऊस वाऱ्याबरोबर नैऋत्येकडून-पश्चिमेकडून येतो, तर पत्र्याचा भाग त्याच बाजूला घ्या आणि ती बाजू खालपासून वरपर्यंत ताडपत्रीने किंवा पत्र्याने बंद करा. पुरंदर तसा कमी पावसाचा, तुम्हाला एवढ्यावर भागेल. हेच कोणी चिपळूण-सावंतवाडीकडे करत असेल तर माझं स्पष्ट मत असं की जून ते सप्टेंबर उघडा भाग विसरून जा, पत्र्याच्या आणि उघड्या भागामधे जाळीचं दार करून ते लावून घ्या आणि पक्षी पत्र्याखाली भाताच्या तुसावर ठेवा. झाडांनाही तेवढी विश्रांती मिळते. कोकणातल्या आषाढात उघड्या जमिनीवर बटेर ठेवणं म्हणजे औषधांचा खर्च मागून घेणं आहे.

पत्र्याखालच्या कोरड्या भागातच धुळीच्या अंघोळीची जागा करा. दोन-अडीच फुटांचा जुना ट्रकचा टायर कापून किंवा चार विटा लावून, आत कोरडी बारीक वाळू आणि त्यात चुलीतली चाळलेली राख थोडीशी. ही चैन नाही, पिसांमधल्या उवा-पिसवांवर त्यांचा तोच इलाज आहे. अंघोळ बघण्यासारखी असते, मादी आधी चोचीने वाळू पुढून अंगाकडे ओढते, मग एका कुशीवर आडवी पडते, वरचा पाय ताठ मागे, पंख पंख्यासारखा उघडलेला, आणि पायाने वाळू पिसांच्या आत उडवत राहते, मधेच अशी निपचित पडते की नवीन माणूस घाबरून म्हणतो मेली वाटतं. एक सुरू झाली की दुसऱ्या येऊन तिच्याच अंगावर पडतात. जागा दिली नाही तर हेच काम त्या झाडांच्या बुडाशी करतात आणि मुळं उघडी पडून तुमची झाडं जातात.

आता आकडा. २०० चौरस फुटात ४० पक्षी जिवंत राहतील की नाही, तर राहतील, शेडमध्ये लोक याच्या कितीतरी पट ठेवतात. पण झाडं राहणार नाहीत, आणि जमीन विष्ठा पचवू शकणार नाही. झाडं, हिरवळ टिकवायची असेल तर एका पक्ष्याला ८ ते १० चौरस फूट धरा, म्हणजे तुमच्याकडे २० ते २५. त्यात नर चार, फार तर पाच. नरांचा हिशोब चुकला की सगळं बिघडतं, नर जास्त झाले की ते माद्यांच्या डोक्यामागची पिसं धरून धरून कातडी सोलतात आणि एकमेकांचे डोळे फोडतात. एका नराला चार-पाच माद्या. आणि फक्त अंडीच खायची असतील तर एकही नर नको, मादी नराशिवाय अंडी देतेच, हे बऱ्याच जणांना पटत नाही पण तसंच आहे. शिवाय नर नसले की पहाटेची ओरड पण नाही. तो आवाज छोट्या पक्ष्याच्या मानाने चांगलाच मोठा आणि घोगरा असतो, शेजारी लागून घर असेल तर आधीच सांगून ठेवा.

नर-मादी ओळखायला तीन आठवड्यांपर्यंत थांबावं लागतं. नराची छाती सपाट तांबूस-विटकरी, मादीची फिकट आणि त्यावर काळे ठिपके. पांढऱ्या किंवा गडद जातीत हे दिसत नाही, तिथे मोठं झाल्यावर शेपटीखाली बघायचं, वयात आलेल्या नराला गुदद्वाराच्या वर लालसर फुगीर गाठ असते, हलकं दाबलं की पांढरा फेस येतो, अगदी दाढीच्या साबणासारखा. फेस येतोय म्हणजे नर कामाचा आहे.

खालच्या जाळीचं. आपल्याकडचा खरा शत्रू घूस. मुंगूस, मांजर, उदमांजर हे पण आहेत, पण मांजर जाळी बघून थांबतं, घूस जमिनीखालून येते आणि एका रात्रीत सगळे संपवून जाते. तुमची जाळी एक इंची असेल (तुम्ही पाठवलेल्या फोटोत तशी वाटतेय) तर खालचे तीन फूट तरी अर्ध्या इंचाच्या वेल्डमेशने (जोड वेल्ड केलेली जाड तारेची जाळी) परत झाका, चिकनमेश (षटकोनी भोकांची पातळ जाळी) नको, तो घूस कुरतडते आणि दोन पावसाळ्यांत गंजतो. आणि जमीन खणलेलीच आहे तर फूटभर खाली सगळ्या तळाला तीच वेल्डमेश अंथरून कडेच्या जाळीला तारेने बांधून टाका. खर्च होतो, मान्य, पण एकदाच. मुळं त्यातून आरपार जातात, झाडांना काही होत नाही. ते नसेल परवडत तर चारी बाजूंनी दीड-दोन फूट खोल विटांची भिंत. विटांचं जोतं जमिनीवर पण फूटभर घ्या, त्याचे दोन फायदे, बाहेरून कुत्रं फिरलं तरी पक्ष्यांना दिसत नाही, आणि पिल्लं जाळीतून बाहेर निसटत नाहीत. अंड्यातून निघालेलं पिल्लू ७-८ ग्रॅमचं, अंगठ्याएवढं, ते एक इंची जाळीतून सहज जातं आणि मग परत येता येत नाही.

साप येणार, हे धरून चाला. दाणे सांडले की उंदीर, उंदीर आले की धामण. अर्ध्या इंचाची जाळी मोठ्या सापाला अडवते, आणि छोटा आत शिरलाच तर अंडी गिळल्यावर त्याच भोकातून त्याला बाहेर पडता येत नाही, सकाळी कोपऱ्यात सापडतो. मारू नका, सर्पमित्राला बोलवा. भारद्वाज अंडी-पिल्लं दोन्ही खातो, शिक्रा वरून जाळीवर झेप घेतो, पक्षी हाताला लागला नाही तरी खालचे सगळे बिथरतात.

आणि बिथरले की बटेर पळत नाही, सरळ वर उडतो, रॉकेटसारखा. सात फुटांवर पत्रा किंवा तारेची जाळी असेल तर डोकं फुटतं, कधी मान मोडते. याला इलाज सोपा आहे, छताच्या सहा-आठ इंच खाली सैल नायलॉनची मऊ जाळी किंवा शेडनेट बांधा, ताणून नाही, झोळ ठेवून. पत्र्याखाली पण बांधा, लोक नेमकं तिथेच विसरतात. उंची सात फूट आहे हे बरं झालं, सगळ्यात वाईट उंची तीन-चार फुटांची, तिथे पूर्ण वेगात आपटतात. रात्री बॅटरी घेऊन अचानक आत जायचं नाही, आधी बाहेरून काहीतरी बोला, खाकरा, मग दार उघडा. दार पण दुहेरी करा, मधे एक माणूस उभा राहील एवढी जागा.

झाडांकडे येऊ. लोक एव्हिअरीत शोभेची झाडं लावतात, बटेराला शोभा नको, आडोसा हवा. त्याला दोन गोष्टी हव्यात, वरून दिसणार नाही अशी जागा आणि समोरचा नर दिसणार नाही असा पडदा. म्हणून बुंध्यापासून दाट येणारं, कमरेएवढं गवत सगळ्यात चांगलं. गवती चहा माझ्या मते पहिल्या नंबरवर, कारण पक्षी तो फारसा खात नाहीत, बुडाशी कोरडं पाचट साठतं, पानं वाकून खाली कमान होते आणि नेमकी तिथेच मादी अंडी घालते. तीन-तीन फुटांवर एकेक ठोंब, पाच-सहा पुरेत, सगळे एकदम कापू नका, आलटून पालटून अर्धे. वाळा पण छान, उताराच्या खालच्या बाजूला लावा, पाणी ओढतो. मधे मोकळ्या जागेत हरळी. सावलीला बाहेरून शेवगा किंवा एखादा वेल चढवा, आत मोठं झाड नको. मेहंदी, जास्वंद कडेने चालतात. बाजरी-ज्वारी मूठभर फेकली की आपोआप उगवते, पक्षी कोवळी असतानाच फस्त करतात, तरी एका कोपऱ्यावर जाळीचं झाकण ठेवून वाढू द्या आणि मग उघडा, त्या दिवशीची त्यांची धांदल बघा. तांदुळजा, घोळ, लसूणघास हे खाण्यासाठी.

कण्हेर, घाणेरी, एरंड, धोत्रा, रुई हे आत नको, विषारी आहेत. गाजर गवत दिसलं की उपटायचं.

प्रत्येक ठोंबाच्या बुडाभोवती मुठीएवढ्या दगडांचं कडं करा म्हणजे उकरून मुळं उघडी पडत नाहीत. आणि महत्त्वाचं, झाडं लावल्या लावल्या पक्षी सोडायचे नाहीत. पावसाच्या सुरुवातीला लावा, दिवाळीपर्यंत वाढू द्या, मग पक्षी. नवी रोपं आणि नवे पक्षी एकाच दिवशी आत गेले तर आठवड्यात नुसते दांडे उरतात.

चारी कोपऱ्यांत तुऱ्हाट्यांच्या पेंढ्या नाहीतर कडबा तिरका टेकवून ठेवा, आत पोकळी राहील असा. कोपरा रिकामा असला की पाठलाग झालेली मादी तिथे अडकते, पुढे भिंत मागे नर, आणि मग तिथेच टोचून टोचून जखमी होते. पेंढी असली की ती आरपार निघून जाते. हे काम फुकटचं आहे आणि जखमी पक्षी यानेच सगळ्यात जास्त कमी होतात.

आत चालायला फरश्या टाका, सरळ रेषेत, आणि फरशीच्या दोन्ही बाजूंनी हातभर काही लावू नका. कारण बटेर माणूस आला की पळण्याआधी दबून बसतो, रंग मातीचा, पाचटाचा, तुम्हाला दिसतच नाही आणि पाय पडतो. पाहुण्यांची मुलं आत नेताना तर फारच जपा.

खाण्यात एकच गोष्ट लक्षात ठेवा, कोंबडीचं लेअर फीड (अंड्यावरच्या कोंबडीचं खाद्य) याला कमी पडतं. त्यात प्रोटीन १६ ते १८ टक्के, आणि बटेराच्या पिल्लाला २४ ते २७, अंड्यावरच्या मादीला २० ते २२ टक्के लागतं. बटेराचं खास फीड सगळीकडे मिळत नाही, तर ब्रॉयलरचं प्री-स्टार्टर क्रम्बल (मांसाच्या कोंबडीच्या लहान पिल्लांचं दाणेदार खाद्य) वापरा, त्यात साधारण २२-२३ टक्के असतं, आणि कॅल्शियमसाठी शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, मिसळू नका, ज्या मादीला हवा ती खाते, नराला नको असतो. पिल्लांना तेच क्रम्बल मिक्सरला थोडं फिरवून, आणि वर उकडलेलं अंडं कुस्करून. मोठा पक्षी दिवसाला २५-३० ग्रॅम खातो. हिरवं आणि किडे हे वरचं खाणं, फीडच्या जागी नाही. वाळवी मिळाली तर जरूर द्या. भांडं पत्र्याखाली, आणि संध्याकाळी उरलेलं उचलायचं, उंदीर आणि मुंग्या दोन्ही त्यानेच येतात. लाल मुंग्यांचं हलक्यात घेऊ नका, अंड्याला टोचा पडला की त्या वासाने आत शिरतात, आणि पिल्लू बाहेर येण्याआधीच संपतं.

उन्हाळ्याचं थोडक्यात, ३५ अंशांच्या वर चोच उघडून धापा टाकायला लागतात, अंड्याचं कवच पातळ येतं. जाळीला बाहेरून गोणपाट लावून ते भिजवा, जमीन भिजवू नका. पाण्याची परळ दोन ठिकाणी, सावलीत. परळीत खडे टाका नाहीतर पिल्लं बुडतात, खरंच अर्धा इंच पाण्यात बुडतात.

अंडी सहा-सात आठवड्यांपासून सुरू होतात, १० ते १२ ग्रॅमचं एक. कोंबडीसारखी सकाळी शोधायला जाऊ नका, बटेर बहुतेक दुपारनंतर, संध्याकाळपर्यंत घालतो, म्हणून दिवेलागणीच्या आधी एक फेरी मारायची. अंडी मातीत मिसळून जातात, पहिले काही दिवस तुम्हाला अर्धी पण सापडणार नाहीत. एक गंमत, प्रत्येक मादीच्या अंड्यावरची नक्षी तिची स्वतःची असते, कायम तशीच, त्यामुळे कोण घालतंय कोण थांबलंय हे नुसत्या अंड्यांवरून कळतं. आणि प्रयोगात असंही दिसलंय की मादी आपल्या अंड्याच्या नक्षीला मिळतीजुळती जमीन निवडून तिथे घालते. म्हणजे गडद ठिपक्यांची अंडी असतील तर काळपट जागेत शोधा.

थंडीत अंडी बंद झाली म्हणून बरेच जण घाबरतात. ते आजारपण नाही, उजेड कमी पडतो. भरपूर अंड्यांसाठी १४ ते १६ तास उजेड लागतो, आणि महाराष्ट्रात जूनमधला सगळ्यात मोठा दिवस सुद्धा सव्वातेरा तासांच्या आसपास, डिसेंबरात अकरा. बल्ब लावायचा तर पहाटे लावा, संध्याकाळी नको, कारण रात्री बल्ब एकदम बंद झाला की पक्षी जिथे असतील तिथेच अंधारात अडकतात. घरच्यापुरती अंडी हवी असतील तर माझं मत विचाराल तर बल्ब लावूच नका, डिसेंबर-जानेवारी माद्यांना सुट्टी द्या, त्या जास्त वर्षं टिकतात. बारा महिने अंडी काढलेली मादी लवकर खलास होते.

आता तुमचा आवडता मुद्दा, माद्यांनी स्वतः पिल्लं काढणं. खरं सांगायचं तर फार आशा ठेवू नका. हा पक्षी जपानात आधी आवाजासाठी पाळला गेला, मग विसाव्या शतकात अंड्यांसाठी निवडून निवडून वाढवला, आणि बसणारी मादी अंडी घालायची थांबते म्हणून बसण्याची सवयच त्यातून निघून गेली. आपल्याकडे तो १९७४ मध्ये कॅलिफोर्नियातून आला, बरेलीजवळ इज्जतनगरला, आणि तिथल्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने (इंग्रजी आद्याक्षरांनी कारी) पुढे कारी उत्तम, कारी उज्ज्वल, कारी श्वेता, कारी पर्ल अशा जाती काढल्या, त्या पण मांस-अंड्यांसाठीच. पिंजऱ्यात तर मादी सहसा बसतच नाही. झाडांत, जमिनीवर, गर्दी कमी असेल तर मात्र एखादी बसते, हे मी पाहिलंय. ती गवती चहाच्या ठोंबात खळगा करते, आठ-दहा अंडी साठली की दिसेनाशी होते, तुम्ही पाचट बाजूला केलंत तरी उठत नाही, नुसती चपटी होते आणि घशातून बारीक कुरकुरते. अशी दिसली की त्या ठोंबापासून लांब राहा, पाणी-खाणं दोन हातांवर सरकवा, आणि नर बाजूला काढता आले तर काढा. तिने १७-१८ दिवसांत काढली तर काढली.

पण पिल्लं हवीच असतील तर छोटं इन्क्युबेटर घ्या. ३७.५ अंश, आर्द्रता ५५-६० टक्के, चौदा दिवस दिवसातून तीन-चार वेळा फिरवणं, मग फिरवणं बंद आणि आर्द्रता ६५-७० वर. अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नकोत, धुवायची नाहीत. देशी कोंबडीखाली ठेवायचा सल्ला कोणी देईल, कवच पातळ, तिच्या वजनाने बरीच फुटतात, आणि आजारही तिच्याकडून येतात. पिल्लांना पहिला आठवडा ३५ ते ३७ अंश ऊब, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. खाली गुळगुळीत वर्तमानपत्र घालू नका, पाय घसरून फाकतात आणि पिल्लू कायमचं लंगडं होतं, गोणपाट किंवा खरबरीत पुठ्ठा घाला. चार-पाच आठवड्यांचे झाले की एव्हिअरीत, सकाळी, कोरड्या उन्हाच्या दिवशी.

आजार. जमिनीवर ठेवायचं म्हणजे कॉक्सी (कॉक्सिडिओसिस, आतड्यातल्या परजीवीचा रोग), जंत आणि अल्सरेटिव्ह एन्टरायटिस (आतड्यात व्रण पडणारा रोग) हे तीन सोबत घेऊनच राहायचं. तिसरा इतका बटेरांचा आहे की त्याला बटेर रोगच म्हणतात, क्लॉस्ट्रिडियम जातीच्या जंतूने होतो, चांगला गुबगुबीत पक्षी सकाळी मेलेला सापडतो, बाकीच्यांची विष्ठा पांढरी पाणचट, आणि आतडं उघडलं की त्यावर बटणासारखे फोड. याचे बीजाणू मातीत खूप काळ टिकतात, म्हणून एकदा जमिनीत शिरला की औषध तात्पुरतं. आपल्या हातात आहे ते जमिनीला विश्रांती देणं. तुमची २० फुटांची खोली मधोमध जाळीने दोन भाग करा, अर्धी पत्र्याखालची नेहमीची, आणि उघडी अर्धी परत दोन कप्प्यांत, दोन-तीन महिने हा तर दोन-तीन महिने तो. एप्रिल-मेच्या उन्हात वरची दोन इंच माती खरवडून बाहेर टाका, उरलेली तापू द्या, मग नवीन वाळू. ही माती बटेरांजवळ परत आणू नका, फुलझाडांना मात्र सोनं आहे.

कोंबड्या लांब. तुमच्या अंगणात देशी कोंबड्या फिरत असतील तर त्या जाळीला लागून येता कामा नयेत, आणि कोंबड्यांत घातलेल्या चपला आत नकोत. एखादा पक्षी मेला तर फेकून देऊ नका, प्लास्टिकमध्ये बांधून थंड ठेवून, डीप फ्रीझरमध्ये नाही, जनावरांच्या दवाखान्यात न्या. पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याची रोग अन्वेषण प्रयोगशाळा आहे, कारण कळलं की औषध नेमकं देता येतं, नाहीतर दुकानदार देईल ते अँटिबायोटिक ओतत बसाल. दोन-तीन दिवसांत बरेच मेले तर मात्र हात न लावता दवाखान्यात कळवायचं, २००६ साली देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच नवापूरला निघाला होता आणि बटेर त्याला चांगलेच बळी पडतात. म्हणूनच खाण्याची भांडी पत्र्याखाली, वरून जाणाऱ्या पक्ष्यांची विष्ठा त्यात पडता कामा नये.

फिंचबरोबर चालतं का, तर चालतं, पण फिंचच्या बसायच्या काड्या फीडच्या आणि धुळीच्या जागेवर नकोत. घरट्यातून खाली पडलेलं फिंचचं पिल्लू जपानी बटेर टोचतात, ते वाचत नाही, त्यामुळे घरटी पिल्लांच्या काळात बटेर फिरतात त्या भागावर ठेवू नका. फिंचखाली छोटे बटन क्वेल बरे असं परदेशी व्हिडिओत सांगतात आणि स्वभावाने ते खरंच योग्य आहेत, जोडीने राहतात, बसतात पण जास्त. मात्र ती जात भारतात जंगलातही आहे, तेव्हा घेण्याआधी वनखात्यात विचारून घ्या. गावात कोणी पकडलेल्या लावऱ्या विकायला आणल्या तर सरळ नाही म्हणा, रानातले सगळे लावे १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत. आणि उलटंही, आपले जपानी बटेर कंटाळा आला म्हणून माळावर सोडायचे नाहीत, त्यांचा रानातल्या लाव्याशी संकर होऊ शकतो. पुढे वाढवून विकायचा विचार असेल तर पशुसंवर्धन कार्यालयात सध्याचा नियम विचारा आणि पक्षी घेताना पावती घ्या.

तर आत्ता काय करायचं, पक्ष्यांचं बुकिंग थांबवा. माती, तळाची जाळी, पत्र्याची दिशा, छताखालची नायलॉन जाळी हे आधी, मग गवती चहा. गवत मुळावलं की एकाच हॅचरीतले, एकाच बॅचचे चार-पाच आठवड्यांचे पक्षी घ्या, सगळे एकाच वेळी, कारण नंतर आणून सोडलेल्या नवीन नराला जुने जगू देत नाहीत. सुरुवातीला ३० घेतलेत तरी हरकत नाही, छातीचा रंग पक्का कळला की जास्तीचे नर काढून टाका. पहिले चार-पाच दिवस त्यांना पत्र्याखालच्याच भागात ठेवा, खाणं-पाणी कुठे आहे ते कळू द्या, मग एका सकाळी मधलं दार उघडं ठेवून बाहेर या, हाकलू नका, ते आपले आपण जातात.

जाळी एक इंचीच आहे का ते मोजून सांगा, आणि माती काळी आहे की तांबडी, त्यावरून मुरूम किती लागेल ते नेमकं सांगता येईल.